वेंडरांना आलेली ईएसजी प्रश्नावली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या कंपनीच्या वेंडर डेव्हलपमेंट खात्यात मी बरीच वर्षं काढली. आता टेबलाच्या या बाजूला बसून छोट्या कारखान्यांची कागदपत्रं लावून देतो. भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव इथून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत. नवख्यांनी पहिल्यापासून वाचावं, जुन्या मंडळींनी थेट सातव्या प्रश्नाकडे गेलं तरी चालेल.

१. कस्टमरकडून ऐंशी प्रश्नांची एक्सेल आली आहे. ईएसजी, सस्टेनेबिलिटी असं काय काय लिहिलंय. नक्की काय मागतायत?

ईएसजी म्हणजे पर्यावरण, सामाजिक जबाबदारी आणि कंपनीचा कारभार. क्वालिटी ऑडिट तुम्ही वर्षानुवर्षं देत आलात. तिथे पार्ट तपासतात. इथे पार्ट बनवणारा माणूस तपासतात आणि पार्ट बनवून झाल्यावर जे उरतं ते तपासतात. मशीनवर कुणाचा हात जाईल का, कुणाचा पगार बुडतो का, कुणी अल्पवयीन आहे का. आणि तुमच्या शेडमधून बाहेर पडणारं पाणी, धूर, तेल, गाळ जातं कुठे. ऐंशी प्रश्नांमधले साठ याच्याभोवती फिरतात. उरलेले लाचलुचपत, डेटा, धोरणं वगैरे. ते सोपे आहेत, शेवटी भरा.

२. आम्ही पस्तीस माणसांचं वर्कशॉप. शेअर बाजाराशी आमचा संबंध नाही. मग सेबीचा नियम आम्हाला कसा?

थेट लागू नाहीच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बीआरएसआर नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटी यांचा अहवाल बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केला. जुलै २०२३ मध्ये त्यात पुरवठादारांची माहितीही आली, पहिल्या २५० कंपन्यांसाठी. तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली आणि एक्सेलचा पाऊस सुरू झाला. मार्च २०२५ मध्ये सेबीने ते बरंच सैल केलं. पुरवठादारांची माहिती ऐच्छिक झाली आणि ज्या पुरवठादाराचा एकट्याचा वाटा कंपनीच्या खरेदीत २ टक्के किंवा जास्त आहे, त्याच्यापुरतीच मर्यादित झाली.

पस्तीस माणसांचा कारखाना मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदीत २ टक्के असणं जवळपास अशक्य. त्यामुळे "सेबीने सांगितलंय म्हणून भरा" असं कुणी म्हणालं तर ते अर्धसत्य आहे. खरी कारणं तीन: कंपनीची स्वतःची आचारसंहिता, तिचे परदेशी ग्राहक (पुढचा प्रश्न पाहा), आणि टियर-वनवाल्याने (कंपनीला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराने) वरून आलेला भार खाली ढकललेला. तुमच्याकडे कुठल्या कारणाने आलंय ते विचारून घ्या. उत्तर त्याप्रमाणे बदलतं.

३. युरोपातल्या कायद्याचा भोसरीतल्या गाळ्याशी काय संबंध?

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून आहे. आधी ३००० आणि २०२४ पासून १००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो लागू झाला. त्यात कंपनीने स्वतःच्या आणि थेट पुरवठादाराच्या कारखान्यातले मानवी हक्कांचे धोके तपासायचे असतात. त्याखालच्या फळीत ठोस काही कळलं, तर तिथेही बघायचं असतं. चाकणमध्ये जर्मन गाड्या बनतात, जर्मनीला माल जातो, तेव्हा तो कागद तुमच्यापर्यंत येतोच. युरोपीय संघाचा याच धर्तीचा कायदा २०२४ मध्ये आला. पुढे तो पुढे ढकलला गेला आणि मवाळही झाला.

नटबोल्टवाल्यांनी मात्र दुसरीच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: युरोपचा सीमेवरचा कार्बन कर. लोखंड-पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम त्यात आहे, आणि पोलादाचे स्क्रू-बोल्ट-नटही आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशेब सुरू झाला. निर्यातदार तुमच्याकडे पोलाद कुठल्या गिरणीचं ते विचारणार. पोलादाबरोबर गिरणीकडून येणारं मिल टेस्ट सर्टिफिकेट फेकू नका.

४. सगळ्या वेंडरांना सारखंच तपासतात का?

तपासू नये, पण बहुतेक कंपन्या खरेदीच्या रकमेवरून यादी करतात. वर्षाला कोट्यवधींचं कास्टिंग देणारा वर, महिन्याला चाळीस हजारांचं प्लेटिंग करणारा यादीबाहेर. धोका बरोबर उलटा असतो. क्रोम प्लेटिंग, प्रेस (पत्रा दाबून कापणारी मशीन), पेंट शॉप, फाउंड्री, भंगार, सफाई आणि लोडिंगचे ठेकेदार: जिथे बिल छोटं आणि काम घाणेरडं, तिथे आधी जायला हवं. मी खात्यात असताना हे सांगून थकलो. सिस्टममध्ये "रिस्क"चा रकाना होता, पण तो रुपयांवरून आपोआप भरला जायचा.

५. खरं लिहिलं तर काम जाईल. सगळीकडे 'होय' भरून टाकू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा रात्री अकरानंतर.

माझ्या हाती एकदा एक शीट आलं. पहिल्या खान्यात 'होय' आणि माउस खालपर्यंत ओढलेला. चौतिसावा प्रश्न होता, "तुमच्याकडे १८ वर्षांखालील कामगार आहेत का?" तिथेही होय. मालकांना फोन केला तर म्हणाले, "साहेब, मुलाने भरलं." मुलगा कोण? दहावीतला.

वाचणारा माणूस सगळे होय पाहिले की सावध होतो. चाळीस माणसांच्या शेडमध्ये सगळंच नीट असू शकत नाही हे त्याला ठाऊक असतं. 'नाही'च्या पुढे चार शब्द जास्त लिहिले की ते उत्तर उभं राहतं: "फायर एनओसी नाही, अर्ज केला आहे, पोच जोडली आहे." किंवा "प्रेस क्रमांक ४ वर गार्ड नाही, १५ ऑगस्टपर्यंत बसवणार, तोवर त्यावर पेडलने काम बंद." काम जातं ते बहुतेकदा खोटं होय पकडलं गेल्यावर. ऑडिटरच्या अहवालात ते त्रुटी म्हणून जात नाही, फसवणूक म्हणून जातं, आणि त्याला मुदत देऊन दुरुस्ती नसते.

अपवाद आहेत. अल्पवयीन कामगार, डांबून ठेवलेला किंवा कागदपत्रं काढून घेतलेला कामगार, प्रक्रिया न करता सोडलेलं रासायनिक पाणी: इथे 'नाही, करतोय' चालत नाही. आधी थांबवा, मग लिहा.

६. फाइलमध्ये काय काय लागतं?

कारखान्याचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफची मागच्या बारा महिन्यांची चलनं, मस्टर आणि पगारपत्रक, ठेकेदाराशी करार, अपघात रजिस्टर, प्रेशर व्हेसल आणि होइस्टच्या तपासणीचे दाखले, धोकादायक कचऱ्याची मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याची कागदपत्रं). २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र हवंच. कंपन्यांच्या एक्सेलमध्ये अजून १९४८ च्या कारखाना कायद्याची आणि १९७० च्या ठेका कामगार कायद्याची कलमं छापलेली असतात. त्यावरून वाद घालू नका, शेजारी नव्या संहितेचं नाव लिहा आणि पुढे चला.

एक बारकावा. संमतीपत्रावरचं उत्पादन आणि तुमचं आजचं उत्पादन जुळतं का ते आधी बघा. महिन्याला २० टनांचं संमतीपत्र आणि डिस्पॅच ६० टनांचा, हे ऑडिटरला दहा मिनिटांत दिसतं. जीएसटीची बिलं त्याच्याच समोर असतात.

७. प्रेस शॉपमध्ये ऑडिटर पहिल्यांदा कुठे बघतो?

ऑपरेटरच्या हातांकडे. पंजा पूर्ण आहे का ते. मग मशीनकडे.

हरियाणातल्या गुडगाव-मानेसर-फरिदाबाद पट्ट्यात सेफ इन इंडिया नावाची संस्था जखमी कामगारांसोबत काम करते आणि २०१९ पासून वाहन उद्योगातल्या हात चिरडण्याच्या अपघातांचे अहवाल काढते. त्यांच्या नोंदींत पॉवर प्रेस हे मोठं कारण आहे आणि माणसाची सरासरी दोनेक बोटं जातात. तिथला पार्ट आणि इथला पार्ट एकाच जातीचा, प्रेसही त्याच जातीचे.

पेडलवर चालणारा प्रेस असेल तर उजवा पाय आणि दोन्ही हात एकमेकांचं ऐकतीलच असं नाही, विशेषतः शेवटच्या दोन तासांत. म्हणून दोन बटणांची व्यवस्था असते, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली येत नाही. आता जवळून बघा. एका बटणावर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी घट्ट गुंडाळलेली दिसेल. एक बटण कायमचं दाबलेलं, म्हणजे एक हात मोकळा, तुकडा लवकर बसतो, तासाला नग जास्त. ऑडिटच्या दिवशी पट्टी काढलेली असते, पण बटणाच्या कडेला रबराचा काळा डाग राहतो. मी तो डाग बघायचो.

पट्टी कुणी लावली हे विचारलं की सुपरवायझर ऑपरेटरकडे बोट दाखवतो. पण तासाचं टार्गेट कुणी ठरवलं? दोन्ही हात वापरून ते पूर्ण होतं का, हे घड्याळ लावून एकदा मोजा. होत नसेल तर पट्टी परत येणार, तुम्ही कितीही पोस्टर लावा. पोस्टरवरून आठवलं: सूचना मराठीबरोबर हिंदीतही हवी. चाकणच्या शेडमध्ये निम्मी माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची आहेत. इंग्रजी पोस्टर फक्त ऑडिटर वाचतो.

८. ओव्हरटाइम देतो, पण सिंगल रेटने. सगळेच देतात. चालेल?

नाही. जुन्या कायद्यातही दुप्पट होता, नव्यातही आहे. महिन्याला १५,००० पगार, २६ दिवस, ८ तास धरले तर तासाला ७२ रुपये पडतात. ओटीचा तास १४४. आठवड्याचे नेहमीचे तास ४८. गुरुवारी सुट्टी असते म्हणून गुरुवारी बोलावून वेगळ्या वहीत लिहिण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या वहीला ऑडिटर "दुसरी वही" म्हणतात आणि तीच आधी शोधतात. वीजबिलात किंवा डिस्पॅचच्या चलनात गुरुवार दिसतोच.

९. माणसं ठेकेदाराची आहेत. ईएसआय-पीएफ त्याने भरायचं ना?

भरायचं त्याने, निस्तरायचं तुम्ही. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यावा, हे १९७० च्या कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे. म्हणून दर महिन्याला त्याचं बिल पास करण्याआधी त्याच्या चलनाची प्रत घ्या आणि चलनातली नावं तुमच्या गेटच्या रजिस्टरशी ताडून पाहा. गेटवर ४२ नावं, चलनात २६, असं निघतं. उरलेले सोळा कोण?

ईएसआय दहा किंवा जास्त माणसं असली की लागू, पगार २१,००० पर्यंत. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पंधरा हजारांवर मालकाला महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे पडतात. कामावर असताना झालेल्या इजेचा लाभ पहिल्या दिवसापासून आहे. तरी आपल्याकडे "तीन महिने टिकतो का बघू, मग नाव घालू" चालतं. प्रेसवर नवा माणूसच जास्त धोक्यात असतो, म्हणजे ज्याचं नाव नाही त्याचंच बोट जातं. मग अपघातानंतर घाईने नोंदणी होते, आणि नोंदणीची वेळ व हॉस्पिटलच्या केसपेपरवरची वेळ कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितली की सगळं उघडं पडतं.

१०. प्लेटिंग आम्ही बाहेर देतो. त्याच्या प्रदूषणाचं आम्ही काय करायचं?

आधी कबूल करूया की ते आपलंच पाणी आहे, फक्त दुसऱ्याच्या शेडमधून निघतं. आळंदीला वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर पांढरा फेस आला की टीव्हीवर बातमी लागते. त्या नदीत सांडपाणी कितीतरी ठिकाणांहून येतं, शहरांचं मैलापाणी त्यात मोठं आहे. पण कारखान्यांचं नाव निघतं तेव्हा बोट छोट्या प्लेटिंगवाल्याकडे जातं, आणि त्याचा माल कुठल्या गाडीत बसतो ते कुणी विचारत नाही.

इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी वर्गात येतं. प्लेटरकडे गेलात तर ऑफिसात चहा घेऊ नका, आधी मागे जा. मी एका ठिकाणी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) पाहायला गेलो. टाक्या रंगवलेल्या, बोर्ड लावलेला, फ्लो डायग्राम फ्रेममध्ये. डोसिंग पंपाच्या मोटरवर कोळ्याचं जाळं. जाळ्यात माशीही होती. शेडच्या मागच्या भिंतीखाली पिवळट ओघळ, तो थेट पावसाळी गटारात.

पण रोज जाता येत नाही, म्हणून कागदावरून ओळखायची एक युक्ती सांगतो. ईटीपी चालला तर गाळ निघतो. गाळ हा धोकादायक कचरा, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो साधारणतः ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, तो रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या सामायिक केंद्रात मॅनिफेस्टसह जावा लागतो. तुम्ही आठवड्याला दोन टन माल प्लेटिंगला देता आणि प्लेटरकडे वर्षभरात गाळाचं एकही मॅनिफेस्ट नाही. मग गाळ गेला कुठे? हा एक प्रश्न पन्नास प्रश्नांच्या चेकलिस्टपेक्षा जास्त सांगतो.

प्लेटर बदलून टाकावा का, याचं उत्तर प्रश्न १८ मध्ये आहे. दराचा मुद्दा प्रश्न १७ मध्ये.

११. आमच्याकडे एकही महिला नाही. तरी लैंगिक छळ प्रतिबंधक समिती कशाला?

२०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या कामाच्या ठिकाणी समिती मागतो, त्यात महिला किती हे विचारत नाही. आणि खरंच एकही नाही का? झाडणाऱ्या मावशी, डबे आणणारी, ठेकेदाराकडून पॅकिंगला येणाऱ्या बायका, ऑडिटला येणारी मुलगी? ठेक्यावरचीही कर्मचारीच धरली जाते. अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी. तुमच्याकडे नसेल तर दुसऱ्या आस्थापनेतून नेमता येते. निम्म्या सदस्य महिला आणि एक बाहेरचा सदस्य. छोट्या कारखान्यांत मालकाच्या पत्नीला अध्यक्ष करतात. तक्रार मालकाविरुद्ध आली तर काय, एवढाच विचार करून ठरवा.

१२. कार्बन किती ते लिहा म्हणतात. आम्ही कुठून मोजणार?

वीजबिल काढा. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला १२,००० युनिट म्हणजे ८.४ टन. जनरेटरचं डिझेल, एका लिटरला साधारण २.७ किलो. दोन्हींची बेरीज करा, झालं. पहिल्या वर्षी एवढं पुरतं. यासाठी सल्लागाराला पैसे देऊ नका, मलाही नको.

१३. आमच्याकडे सर्टिफिकेट आहे. मग पुन्हा ऑडिट कशाला?

११ सप्टेंबर २०१२ ला कराचीच्या बलदिया टाउनमध्ये अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. २५० हून जास्त कामगार गेले. माल जर्मन दुकानांसाठी होता. काही आठवड्यांपूर्वीच त्या कारखान्याला एसए ८००० हे सामाजिक जबाबदारीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. आग खंडणीसाठी लावली गेली असं पुढे न्यायालयात ठरलं. पण माणसं इतकी गेली ती खिडक्यांना गज होते आणि दारं बंद होती म्हणून. प्रमाणपत्र देणाऱ्याने दार ढकलून पाहिलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

तुमचं सर्टिफिकेट जोडा, त्याने प्रश्न कमी होतात. मागचं दार मात्र आजच उघडून बघा. तिथे बहुधा रिजेक्ट मालाच्या क्रेट असतात.

१४. ऑडिटर कामगारांशी एकट्याने बोलायचं म्हणतो. परवानगी द्यावी का?

द्या. सुपरवायझर दाराशी उभा राहिला तर ऑडिटर तेच लिहितो. पढवू नका, पढवलेला माणूस "आम्हाला वेळेवर पगार मिळतो" हे वाक्य प्रश्न विचारायच्या आधीच म्हणतो. आणि नंतर "काय विचारलं रे?" म्हणून कुणाला बोलावू नका.

१५. आमचे खालचे जॉबवर्कवाले कोण, त्यांची यादी मागतात. दिली तर कंपनी थेट त्यांच्याकडेच जाईल.

ही भीती खोटी नाही, असं घडलेलं मी पाहिलं आहे. दोन मार्ग आहेत. एक, नावाऐवजी कोड द्यायचा: प्लेटर १, भोसरी, लाल वर्ग, संमतीपत्र अमुक तारखेपर्यंत, आणि संमतीपत्र फक्त ऑडिटरला जागेवर दाखवायचं. दोन, यादी देण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यायचं की ही माहिती पर्चेसला जाणार नाही. पहिला मार्ग बहुतेक वेळा मान्य होतो. मात्र खालच्याकडे गंभीर काही आढळलं तर कोडमागे लपू नका.

१६. ठेकेदाराच्या माणसांत एक मुलगा सोळाचा निघाला. त्याला लगेच काढून टाकला. बरोबर केलं ना?

मशीनवरून उठवला ते बरोबर. गेटबाहेर काढून विषय संपवला ते चूक. तो उद्या शेजारच्या, जास्त वाईट गाळ्यात जाईल.

कायदा असा: १४ पूर्ण नसेल तर कारखान्यात कामाला ठेवायचंच नाही. १४ ते १८ मध्ये धोकादायक कामं आणि प्रेससारखी धोकादायक मशीन बंद. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या आचारसंहितेत १८ खाली उत्पादनात नकोच म्हणतात, आणि तुम्ही त्यावर सही केलेली असते. मुलाचा आजवरचा पूर्ण पगार द्या, घरच्यांशी बोला, शाळा किंवा आयटीआयची सोय होते का पाहा, घरातल्या सज्ञान माणसाला काम देता आलं तर द्या. मग कंपनीला स्वतःहून कळवा. अप्रेंटिस म्हणून नोंद असेल तर नियम वेगळे, पण प्रेसवर तोही नको. मालकाचा मुलगा सुट्टीत "हात बसावा म्हणून" मशीनवर बसतो, त्यालाही हेच.

वय आधारच्या झेरॉक्सवरून ठरवू नका. झेरॉक्सवर साल बदलणं सोपं असतं. शाळा सोडल्याचा दाखला मागा.

१७. दर वर्षी रेट कापतात आणि वर सुरक्षेचा खर्च करा म्हणतात. आम्ही त्यांना काही विचारू शकतो का?

विचाराच. एक्सेलच्या शेवटी "शेरा" असा रकाना असतो, तो कुणी वापरत नाही. तिथे लिहा: मागच्या तीन वर्षांत दर इतके टक्के कमी झाला, शेड्यूल महिन्यातून इतक्या वेळा आदल्या दिवशी बदललं, पेमेंट सरासरी इतक्या दिवसांनी आलं. गुरुवारची ओटी आणि बटणावरची पट्टी या तीन आकड्यांतून येते. मी पर्चेसच्या शेजारी बसत होतो, त्यामुळे ठामपणे सांगतो: वेंडरच्या शेडमधला निम्मा धोका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर तयार होतो.

पेमेंटबाबत तुमच्या हातात कायदाही आहे. सूक्ष्म किंवा लघु म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय कंपनीला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. शिवाय बीआरएसआरमध्ये कंपनीला पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी देते ते छापावं लागतं. तो अहवाल सार्वजनिक असतो. एकदा उघडून वाचा.

१८. (पर्चेसमधल्या एका वाचकाचा प्रश्न) वेंडर तीन वेळा सांगून सुधारत नाही. काम बंद करावं का?

आधी बघा की सुधारायला काय लागतं: पैसा, माहिती की इच्छा. पैसा लागत असेल तर दोन वर्षांच्या ऑर्डरची हमी द्या, गार्डचा खर्च टूलिंगमध्ये धरा, डायबरोबर गार्ड तुम्हीच पाठवा. माहिती लागत असेल तर माणूस पाठवा. इच्छाच नसेल तर टप्प्याटप्प्याने बाहेर पडा, आणि निघताना कामगारांची थकबाकी दिली गेली का ते बघा. एका रात्रीत बंद केलं तर तो प्रेस लिलावात विकला जातो, पलीकडच्या गाळ्यात बसतो, आणि सहा महिन्यांनी तुमचाच पार्ट त्यावर निघतो.

जीव जाईल अशी स्थिती असेल तर मात्र टप्पे नाहीत. त्या दिवशीच काम थांबवा.

१९. आम्ही ऑटोचे नाही. साखर घेऊन खाद्यपदार्थ कंपनीला सिरप देतो. हे सगळं आम्हाला लागू आहे?

तुमच्याकडे धोका शेडमध्ये कमी आणि फडात जास्त आहे. कारखाना ऊस तोडायला मुकादम नेमतो, मुकादम बीड-धाराशिवकडच्या जोडप्यांना उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी कोयत्याची, बाईच्या नावावर वेगळं काही नाही. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. पाळीच्या किंवा पोटाच्या दुखण्याने दिवस बुडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकण्याची वेळ बायकांवर आली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पुढे मार्च २०२४ मध्ये अमेरिकन वृत्तपत्राने ही साखर जगप्रसिद्ध शीतपेयांपर्यंत जोडून दाखवली, तेव्हापासून तुमच्याकडे प्रश्न येऊ लागले.

कारखान्याला तीन गोष्टी विचारा. उचल आणि कापलेले पैसे मजुराला लेखी दिसतात का. बाईची मजुरी तिच्या खात्यात जाते का. तळावर पाणी, शौचालय आणि पोरांची शाळा आहे का. "मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत" असं उत्तर येईल. ते उत्तर प्रश्न ९ मधल्या मालकांचंच आहे.

२०. हे दर वर्षी भरायचं?

हो, बहुधा एप्रिल-मेमध्ये, आर्थिक वर्षाचे आकडे मागतात म्हणून. मागच्या वर्षीचं शीट जपून ठेवा, नाहीतर दोन वर्षांची उत्तरं एकमेकांना खोटी पाडतात. वीजबिलं वेबसाइटवरून परत मिळतात. डिझेलच्या पावत्यांचे मात्र त्याच दिवशी फोटो काढा, पंपावरच्या कागदाची शाई सहा महिन्यांत उडते.